धुक्यातली सात मिनिटं

परवा संध्याकाळी पर्वत पाटियाच्या नाक्यावर पोंकाची गाडी लागलेली दिसली. कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे, शेजारी लिंबू-मिऱ्याची शेव, ओल्या फडक्याखाली ताकाचे ग्लास. सुरतेत थंडी पडण्याआधी पोंक येतो. स्वेटर अजून ट्रंकेतच असतात आणि रस्त्यावर भाजक्या कणसांचा तो गोडसर, धुरकट वास सुटतो. मी पाव किलो बांधून घेतला. घरी मुलीने आणि नवऱ्याने ताटली पुसून खाल्ला. मीही खाल्ला. पण खाताना फ्रिजच्या आवाजाकडे कान लागला होता. पोंकाच्या दिवसांत माझं असं होतं. पंखा, फ्रिज, गल्लीच्या तोंडाशी असलेला ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांचा आवाज मी तपासत राहते. नवरा आता काही विचारत नाही.

त्या हिवाळ्याला बरीच वर्षं झाली. मी तेव्हा इच्छापोरच्या पुढे, हजिऱ्याच्या रस्त्यावर, भंगारापासून पोलाद करणाऱ्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. सकाळी सहाला पांडेसऱ्याहून कंपनीची बस निघायची. खिडकीच्या काचा दवाने आंधळ्या झालेल्या असायच्या. हाताने पुसल्या तरी बाहेर काही दिसायचं नाही. खाडीवरून येणारं धुकं, त्यात समुद्राचं मीठ आणि कारखान्यांची राख. ओठांवरून जीभ फिरवली की खारट लागायचं. निंबाभाऊ म्हणायचे, धुकं जर माणसाच्या ओठावर मीठ ठेवतं, तर यार्डात विजेच्या डब्यांवर बसवलेल्या चिनी मातीवर काय ठेवत असेल?

निंबाभाऊंबद्दल सांगायचं तर आधी आमच्या भट्टीबद्दल सांगायला हवं.

ती विजेची भट्टी. वरून मोठ्या बादलीतून भंगार ओतायचं: मोडक्या सायकली, सळ्या, पत्रे, इंजिनांचे तुकडे. मग झाकण लावून ग्राफाइटचे तीन जाड खांब त्यात उतरवायचे. खांबाचं टोक भंगाराजवळ आलं की वीज मधली हवा फोडून उडी मारते, आणि त्या उडीच्या उष्णतेने लोखंडाचं पाणी होतं. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं कान फाटतील असा कडकडाट. आत भंगार ढासळत असतं, ठिणगी तुटते, परत लागते, परत तुटते. घरात मिक्सर लावला की दिवा क्षणभर मंद होतो ना, तसे लाखो मिक्सर कुणी एकदम लावावेत, एकदम बंद करावेत आणि हे एका सेकंदात कितीतरी वेळा करावं, तसा तो विजेचा धिंगाणा. तो तारांवरून मागे गेला तर आसपासच्या गावांतले दिवे मिचमिचतात, पंप जळतात, दुसऱ्यांची यंत्रं बिघडतात. तो आमच्या आवारातच जिरवायचा, बाहेर जाणारी वीज स्वच्छ ठेवायची, हे माझं काम. माझ्या कार्डावर ‘पॉवर क्वालिटी’ असं लिहिलं होतं. आईने शेजारणींना सांगून टाकलं होतं, “छाया वीज धुवायचं काम करते.”

वीज धुवायची जागा म्हणजे भट्टीच्या मागचं यार्ड. जाळीच्या कुंपणाआड उंच मांडण्यांवर कपॅसिटरचे शेकडो राखाडी डबे, प्रत्येकाच्या डोक्यावर चिनी मातीची दोन शिंगं. शेजारी तारांच्या माणसाएवढ्या उंच गुंडाळ्या. त्या सगळ्यांचा मिळून एक सतत घुमणारा आवाज. कुंपणाशी उभं राहिलं की तो पायांतून वर चढायचा आणि दातांत येऊन थांबायचा. चालू असताना आत पाऊल टाकायचं नाही. बंद केल्यावरसुद्धा दहा मिनिटं थांबायचं, कारण डब्यांच्या पोटात वीज शिल्लक असते.

हे यार्ड निंबाभाऊ महाजनांचं. हुद्दा साधा ऑपरेटरचा, पण यार्ड त्यांचंच. मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणी सुरतेला आले, आधी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवले, मग इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली राहून वीज शिकले. साठीला दोन वर्षं कमी. डोक्यावर माकडटोपी, पण कान नेहमी बाहेर. रोज पाळी सुरू झाली की कुंपणाभोवती एक फेरी मारायचे, ठरलेल्या चार जागी थांबायचे, मान तिरकी करायचे आणि मग कंट्रोल रूममध्ये येऊन मला सांगायचे, “माय, आज बेस से.” म्हणजे सगळं ठीक आहे. आमच्या खान्देशात लेकीबाळींना ‘माय’ म्हणतात. माझ्या पॅनलवर आकड्यांच्या रांगा होत्या, रंगीत आलेख होते, तरी निंबाभाऊंचं ‘बेस से’ ऐकल्याशिवाय मी चहाला तोंड लावत नसे.

मला त्यांच्या कानांचं एवढं अप्रूप वाटायचं याला कारण माझे आप्पा. आप्पांचं सगळं आयुष्य पांडेसऱ्याच्या लूमवर गेलं. खटखट खटखट, बारा-बारा तास. पन्नाशीतच त्यांचे कान गेले. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलत. लग्नाचं स्थळ असो की कुणाच्या मरणाची बातमी, गल्लीला कळल्याशिवाय आप्पांना कळायची नाही. त्याच लूमवर काही वर्षं काढूनसुद्धा निंबाभाऊंचे कान शाबूत राहिले होते. मी विचारलं तर हसून म्हणाले, “कापूस घालत व्हतू कानमा. लोक हसेत.”

त्या वर्षी पोंक नुकता सुरू झाला होता. एका सकाळी निंबाभाऊ फेरीवरून आले आणि ‘बेस से’ म्हणालेच नाहीत. टोपी काढून हातात धरली.

“माय, तिसरी मांडणी येगळी बोली राहिनी.”

“वेगळी म्हणजे कशी, भाऊ?”

त्यांनी जरा विचार केला. “माणूस झोपमा दात खातो ना, तशी.”

मी पॅनलवर बघितलं. तिसऱ्या मांडणीचे डबे दोन सारख्या भागांत जोडलेले होते. तराजूच्या दोन पारड्यांसारखे. दोन्ही बाजू निरोगी असल्या की मधल्या तारेतून जवळजवळ काहीच वाहत नाही. एखादा डबा आतून खराब झाला की तोल जातो आणि मधली तार आकडा दाखवू लागते. आकडा ठरावीक मर्यादेला पोचला की घंटा वाजते. त्यापुढच्या मर्यादेला पोचला की रिले आपोआप सगळं बंद करतं. त्या दिवशी आकडा घंटेच्या बराच खाली होता. पण शून्याजवळ नव्हता. आठवड्यापूर्वी होता.

मी तो वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी तो थोडा वाढला होता. तिसऱ्या दिवशी आणखी थोडा. कपॅसिटरचं दुखणं असंच असतं. आतला एक भाग गेला की त्याच्या वाट्याचं ओझं शेजाऱ्यांवर पडतं, मग शेजारी थकतात. रोज सकाळी बसमधून उतरताना मनात पहिला विचार त्या आकड्याचा यायचा. घरात कुणाला बारीक ताप असला की आपण झोपेतून उठल्या उठल्या त्याच्या कपाळाला हात लावतो, तसं झालं होतं.

घंटा वाजली त्या दिवशी मी मेहुलभाईंकडे गेले. ते आमचे कारखान्याचे प्रमुख. सडपातळ, शांत. कधी आवाज चढवायचे नाहीत, कामगाराच्या मुलीच्या लग्नाला आवर्जून जायचे. ते वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही. नवे डबे मागवले होते, पण यायला वेळ होता. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवाच्या, सुट्टीत कारखाना बंद ठेवून सगळी मांडणी बदलायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, “तोपर्यंत भट्टी कमी जोरावर चालवू. ओझं कमी होईल.”

त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. माल वेळेवर द्यायचा होता. कमी जोरावर चालवली तर एका खेपेला दीडपट वेळ.

“छायाबेन, उत्तरायण सुधी खेंची लो ने,” ते म्हणाले. उत्तरायणापर्यंत ओढून घ्या. इतकं मऊ म्हणाले, की ऐकताना ती विनंतीच वाटली.

“पण आकडा असाच वाढला तर रिले मध्येच बंद करेल.”

“तर त्याला जरा वर सरकवा. थोडंच. तुम्हाला कळतं त्यातलं, मला काय कळतं?”

मी कंट्रोल रूममध्ये परत आले. पासवर्ड माझ्याकडे होता. जिथे रिलेने आपोआप बंद करायचं, तो आकडा मी वर नेला. थोडाच. बोटाने चार वेळा बटण दाबलं आणि ‘सेव्ह’ केलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाहेर भट्टीत नवं भंगार पडलं आणि काचा थरथरल्या. निंबाभाऊंना मी सांगितलं नाही. उगाच काळजी करतील, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे ते माझ्याकडे कसं बघतील, ते मला बघायचं नव्हतं.

मग सुरू झाले ते दिवस. वरवर काहीच घडत नव्हतं. धुकं रोजचंच, बस रोजचीच. गेटबाहेर रमीलाबेनची पोंकाची भट्टी लागलेली. त्या शेजारच्याच गावातल्या. जमिनीत खड्डा, त्यात गरम राख. त्यात कणसं भाजायची, कापडाच्या पिशवीत घालायची आणि काठीने झोडपायची. धप्, धप्, धप्. पाळी सुटली की मी पाच मिनिटं तिथे थांबायची. एकदा त्या म्हणाल्या, “बेन, तुमची भट्टी हल्ली आमच्या घरात येते.”

“म्हणजे?”

“भिंतीवर. दिवा असा असा करतो.” त्यांनी पापण्या भरभर मिटून दाखवल्या. “माझी सासू म्हणते, घरात कुणीतरी फिरतंय.”

मी हसले आणि पोंकाचा फक्का मारला. पण उरलेली पुडी तशीच बांधून पिशवीत टाकली. तिसरी मांडणी नीट काम करत नव्हती, म्हणजे न जिरलेला धिंगाणा बाहेर पडत होता. जो दोष माझ्या पॅनलवर एक आकडा होता, तो त्या गावात म्हाताऱ्या बाईच्या भिंतीवर फिरत होता.

निंबाभाऊ आता दिवसातून तीन-तीन फेऱ्या मारायचे. बोलायचे कमी. एकदा म्हणाले, “रिले से म्हणून बरं, माय. जास्ती झालं की ते तोडी टाकी. नाहीतर मी इतला जवळ जातू नही.” मी पॅनलकडे बघत ‘हो’ म्हटलं. इतकंच. त्या ‘हो’चा आवाज मला आजही आठवतो. अगदी सरळ, स्वच्छ आवाज होता.

आता मी एका छोट्या संस्थेत आहे. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, हिऱ्यांच्या कारखान्यात, कुठेही बोलावलं की मीटरची पेटी घेऊन जाते, तारांना चिमटे लावते आणि आठवडाभराने त्यांच्या विजेत किती घाण आहे ते कागदावर काढून देते. मालक कागद बघतात आणि हमखास विचारतात, “पण चालतंय ना?” चालतंय. चालतं. बिघाडाबद्दल मला कळलेली सगळ्यात भीतिदायक गोष्ट हीच, की तो येण्याआधी सगळं बराच काळ चालत असतं. लाटेची नक्षी जरा वाकडी होते, आवाज जरा खरखरतो, आणि रोज थोडा वाढणारा आकडा रोज थोडा सवयीचा होतो. पहिल्या दिवशी जो आकडा मी घाबरून वहीत लिहिला होता, तोच आकडा दहाव्या दिवशी परत आला असता तर मी सुटकेचा श्वास सोडला असता.

ती सकाळ उत्तरायणाच्या चार-पाच दिवस आधीची. धुकं इतकं दाट होतं की कंट्रोल रूमच्या खिडकीतून यार्ड दिसत नव्हतं. समोर नुसता पांढरा पडदा आणि त्यामागून येणारी घरघर. वारा अजिबात नव्हता. भट्टीतलं पोलाद जवळजवळ तयार होतं, ओतून घ्यायची बादली खाली येऊन थांबली होती. पॅनलवर घंटा वाजली. हल्ली ती रोज वाजायची, मी रोज गप्प करायची. तशी केली. पण आकडा थांबला नाही. डोळ्यांसमोर चढत होता. जुनी मर्यादा त्याने ओलांडली. तिथे त्या मर्यादेवर आता काहीच नव्हतं.

वॉकी-टॉकी खरखरला. निंबाभाऊ.

“माय, बंद कर. तिसरी ओरडी राहिनी.”

“तुम्ही कुठे आहात, भाऊ?”

“कुंपणपाशी. बंद कर.”

लाल बटण काचेच्या झाकणाखाली होतं, माझ्या उजव्या हाताशी. ते दाबायचा अधिकार मला होता. दाबलं की मांडणी बंद, आणि तिच्यासोबत भट्टीही बंद. मी दुसऱ्या हाताने फोन उचलला आणि मेहुलभाईंना लावला. ते भट्टीवरच होते, मागे कडकडाट ऐकू येत होता.

“बस, पंधरा मिनिट, छायाबेन. माल तैयार छे. ओतून होऊ दे.”

“आकडा वर गेलाय.”

“रिले तोडी नाखशे ने, एवढं असेल तर?”

रिले तोडेलच, पण वर सरकवलेल्या मर्यादेवर, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. बहुतेक तेही त्या क्षणी विसरले असावेत. मी विसरले नव्हते. मी वॉकी-टॉकीवर म्हटलं, “भाऊ, तुम्ही लांब व्हा. पंधरा मिनिटांत बंद करते.” पलीकडून उत्तर आलं नाही. मला वाटलं, ते निघाले असतील. मी झाकण उघडलं. बोट बटणावर ठेवलं. आणि आकड्याकडे बघत उभी राहिले. तो एकदा खाली आला. मला हायसं वाटलं. परत चढला. मी वाट बघत होते. कशाची, ते मला आजही सांगता येत नाही.

स्फोटाचा आवाज मला आधी छातीत लागला. मग खिडकीची काच आत आली. पांढऱ्या धुक्यात एक नारिंगी डाग उमटला, वाढला, त्यातून काळा धूर वर निघाला आणि जळक्या तेलाचा वास आत शिरला. पॅनलवरचे सगळे दिवे लाल झाले. रिलेने तोडलं होतं. सगळं संपल्यावर, नव्या आकड्यावर, अगदी बरोबर.

निंबाभाऊ कुंपणाच्या बाहेर सापडले. त्यांनी नियम मोडला नव्हता, आत पाऊल टाकलं नव्हतं. चिनी मातीचे तुकडे जाळीतून पार झाले होते. खांदा आणि गाल फाटला होता. कानांतून रक्त येत होतं. आम्ही त्यांना उचलताना ते माझ्याकडे बघून जोरजोरात विचारत होते, “बंद झालं का? बंद झालं का?” मी दर वेळी ‘हो’ म्हणत होते. त्यांना ऐकू येत नाही हे समजायला मला रुग्णवाहिकेच्या दारापर्यंत जावं लागलं.

जखमा भरतील, असं डॉक्टर म्हणाले. कानांबद्दल त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वऱ्हांड्यातच मेहुलभाईंनी माझ्यापुढे कागद धरला. त्यांचे डोळे सुजले होते, दाढी वाढली होती. अपघाताचं कारण: पतंगाची दोरी दवाने ओली होऊन यार्डात पडली, त्यामुळे मांडणीत शॉर्ट सर्किट. खाली सरकारी निरीक्षकाचं नाव आणि माझ्या सहीची जागा. कुंपणावर खरोखरच दोरीचा एक तुकडा सापडला होता. त्या दिवसांत सुरतेत कुठे सापडत नाही? झाडांवर, तारांवर, गाडीच्या चाकांत.

“निंबाभाऊंचं सगळं आपण बघू,” ते म्हणाले. “पण हे असं नाही लिहिलं, तर तुमचं काय होईल? पासवर्ड कुणाचा आहे?”

मी सही केली. भिंतीला कागद टेकवून, उभ्याउभ्याच.

मग त्या सहीने आपलं काम सुरू केलं. कंपनीची माणसं शेजारच्या गावात गेली. रिक्षाला भोंगा बांधून फिरवला: कारखान्याच्या आसपास पतंग उडवला तर पोलिसांत देऊ, एक माणूस मरता मरता वाचलाय. घराघरांतून फिरक्या गोळा केल्या. उत्तरायणाच्या दिवशी आमची गल्ली छपरांवर होती. आप्पासुद्धा खुर्ची टाकून वर बसले होते. सगळं आकाश रंगीत, सगळीकडे भोंगे, थाळ्या, ओरडा. मी काहीतरी निमित्त काढून इच्छापोरला गेले. त्या गावावरचं आकाश रिकामं होतं. माणसं ओट्यांवर बसली होती, तिळाच्या चिक्कीच्या ताटल्या पुढे होत्या आणि कुणी वर बघत नव्हतं. आजारी घरात बसतात तशी बसली होती.

रमीलाबेन अंगणात होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

“बेन, एक विचारू?” त्या म्हणाल्या. “त्या सकाळी हात पुढे केला तर हात दिसत नव्हता. पान हलत नव्हतं. धुक्यात, वाऱ्याशिवाय, कोण पतंग उडवतं?”

त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली.

“माझी सासू सकाळपासून रडतेय. म्हणते, आपल्या गावाच्या हातून माणूस जायची वेळ आली. मी तिला काय सांगू?”

त्यांना खरं माहीत नव्हतं. त्या फक्त विचारत होत्या. पण गावातली एक म्हातारी बाई न केलेल्या पापासाठी रडत होती, आणि ते पाप ज्यांचं होतं त्यांतली एक मी समोर उभी होते. मी म्हटलं, “त्यांना सांगा, दोरी नव्हती.” तोंडातून ते बाहेर पडलं, तेव्हाच मला कळलं की आता मागे फिरता येणार नाही.

रिले सगळं लिहून ठेवतं. कुणाच्या पासवर्डने, कोणत्या दिवशी, किती वाजता मर्यादा बदलली. घंटा कधी वाजली. आकड्याने जुनी मर्यादा कधी ओलांडली आणि मांडणी खरोखर कधी तुटली. मी ती नोंद छापून काढली. त्या दोन वेळांमध्ये सात मिनिटं होती. पंधरा तर सोडाच, सातच. जुनी मर्यादा राहिली असती तर निंबाभाऊ वॉकी-टॉकी तोंडाशी नेण्याआधीच सगळं शांत झालं असतं. आणि मर्यादा बदललेली असूनसुद्धा, माझं बोट बटणावर होतं.

मी हे सगळं दोन पानांवर लिहिलं. पहिलं नाव माझं, दुसरं मेहुलभाईंचं. निरीक्षकाकडे जाण्याआधी एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सावकाश वाचली. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, “मी म्हणालो होतो, ‘जरा वर सरकवा.’ किती, ते मी म्हणालो नव्हतो.”

“हो,” मी म्हटलं. “तेही लिहिलंय.”

चौकशी झाली. मेहुलभाईंना दुसरीकडे पाठवलं. माझी नोकरी गेली, आणि ते योग्यच होतं. मांडणी नवी बसवली. मर्यादा बदलायची तर दोन माणसांच्या सह्या लागतील, असा नियम झाला. गावात परत एकदा रिक्षा गेली की नाही, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी पतंग उडाले, असं रमीलाबेननी फोनवर सांगितलं. सासू मात्र तोपर्यंत राहिली नव्हती. दोरी नव्हती, हे तिने ऐकलं होतं का? मला विचारायचा धीर झाला नाही.

एवढं करून एक घर राहिलंच होतं.

पोंक संपला. ज्वारी निबर झाली, गाड्या उठल्या. होळीच्या आधीच्या एका दुपारी मी पांडेसऱ्यात निंबाभाऊंच्या खोलीवर गेले. खाली डाइंग मिलची वाफ, नाल्यात निळं पाणी. त्यांच्या बायकोने, इंदूवहिनींनी, दार उघडलं. निंबाभाऊ खाटेवर बसले होते. गालावर गुलाबी वण. मला बघून तोंडभर हसले आणि खोली दणाणेल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “ये माय, ये!” आपला आवाज केवढा मोठा आहे, हे त्यांना कळत नव्हतं.

मला बोलून सांगता येणार नव्हतं. म्हणून मी घरून लिहूनच नेलं होतं, मोठ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंनी. त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत एकेक ओळ वाचू लागले. इंदूवहिनींनी चहा ठेवला. स्टोव्हचा भर्र आवाज येत होता. तो ऐकणाऱ्या आम्ही दोघीच. त्यांनी कागद उलटला. वाचून झाल्यावर परत पहिल्या बाजूला आले आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

“रिले तू वर करेल व्हतं?”

मी होकारार्थी मान हलवली.

“आणि मी सांगं, तरी सात मिनिटं?”

मी परत मान हलवली. त्यांनी कागदाची घडी घातली. घडीवर घडी, अगदी लहान होईपर्यंत. चष्मा काढला. आणि या वेळी, कसं कोण जाणे, अगदी हळू आवाजात म्हणाले, “मी तठे तुमना भरोसावर उभा व्हतू, मॅडम.”

त्यांनी मला मॅडम कधीच म्हटलं नव्हतं.

मी उठून त्यांच्यासमोर गेले. ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलायचं तर त्याने आपल्या तोंडाकडे बघावं लागतं. आप्पांमुळे मला हे लहानपणापासून माहीत होतं. निंबाभाऊंनी मान खिडकीकडे वळवली आणि तिकडेच ठेवली. मी दोनदा त्यांच्या गुडघ्याला हात लावला. ते वळले नाहीत. इंदूवहिनी गॅलरीत जाऊन उभ्या राहणार होत्या, पण दारातच थांबल्या.

शेवटी मी त्यांच्या फिरवलेल्या मानेकडे बघून माफी मागितली, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. खोलीत आम्ही तिघं होतो. ती दोघींनाच ऐकू आली.